वळण लावलेले पंख

विंग कमांडर नवनाथ विरकरला टँकरवर टाकल्याचा हुकूम आला, त्याच्या आदल्याच आठवड्यात त्याच्या तुकडीतलं शेवटचं लढाऊ विमान ट्रॅक्टरला जोडून म्हसवडच्या तळावरून ओढत नेलं होतं. ते आता फाटकापाशी चौथऱ्यावर शोभेला बसणार होतं. नवनाथने हुकूम वाचला, घडी घालून वरच्या खिशात ठेवला आणि मेसमध्ये जाऊन सगळ्यांदेखत म्हणाला, "उद्यापासून माझा पेट्रोल पंप. येताना टाक्या रिकाम्या घेऊन या."

सगळे हसले. तो हसला नाही.

पूर्वी हवाई दलात विमानांच्या जाती असत आणि त्यावरून माणसांच्याही पडत. लढाऊ विमानवाले वेगळ्या टेबलाशी बसत, त्यांच्या अंगात जरा जास्तच वारं. मालवाहू विमानवाले सबुरीचे. त्यांच्या विमानाच्या पोटातून रणगाड्यापासून पूरग्रस्तांच्या बिस्किटांपर्यंत काहीही जाई. रडारवाले पाठीवर भलीमोठी थाळी घेऊन आठ-आठ तास घिरट्या घालत आणि दुसऱ्यांना वाट दाखवत. टँकरवाले हवेतल्या हवेत दुसऱ्याच्या विमानाला इंधन पाजत. जखमींना आणणारी विमानं होती, समुद्रावर पाणबुड्या हुंगत फिरणारी होती. प्रत्येकाचं विमान वेगळं, कारण प्रत्येकाचे पंख वेगळे.

विमान कोणत्या कामाचं हे बरंचसं पंखांवर ठरतं. लांब, सरळ पंख असले की ते घारीसारखं कमी वेगात, थोडक्या इंधनात तासन्‌तास तरंगतं. पण त्याला घाई करता येत नाही. आखूड, मागे ओढलेले पंख असले की ते ससाण्यासारखं सुटतं, मात्र इंधन नुसतं पितं. खरी घार आणि खरा ससाणा पंख हवे तसे पसरतात नि आवळतात. माणसाने बनवलेल्या पंखाला ते नीटसं कधी जमलं नव्हतं. खटके नि बिजागऱ्या लावून पाहिल्या, पण त्यांच्या वजनानेच सगळा फायदा खाऊन टाकला.

मग 'बहुरूपी' आलं. कागदोपत्री त्याचं नाव लांबलचक होतं, पण तळावरच्या मेकॅनिकांनी पहिल्याच दिवशी त्याला बहुरूपी म्हटलं आणि तेच चिकटलं. खेड्यात बहुरूपी आज फौजदार होऊन येतो, उद्या वैदू. हे विमानही तसंच. त्याच्या पोटात बसणारी पेटी जमिनीवर तासाभरात बदलता येई: कधी रडारची, कधी दवाखान्याची, कधी इंधनाची, कधी शस्त्रांची. आणि पंख हवेत असतानाच आपला आकार बदलत.

त्यामागचा धातू मात्र नवा नव्हता. निकेल आणि टायटॅनियमच्या एका मिश्रणाला आकार लक्षात राहतो, हे गेल्या शतकातच कळलं होतं. थंड असताना तो वाकवा, पिळा. विजेचा प्रवाह सोडून तापवला की तो आपल्या मूळ आकाराकडे परत येतो आणि येताना भक्कम रेटा देतो. अडचण एवढीच, की त्याला एकच आकार पक्का आठवे आणि फार वेळा वाकवलं की तो दमून तुटे. पुण्याच्या एका प्रयोगशाळेतल्या गटाने त्याच्या पातळ पट्ट्यांना दोन आकार शिकवले. तापवायचं, वाकवायचं, निववायचं, पुन्हा तापवायचं, असं शेकडो वेळा. अशा हजारो पट्ट्या पंखात विणल्या, की पंखच पसरायला नि आवळायला शिकला. गटाची प्रमुख या सगळ्याला 'धातूला वळण लावणं' म्हणे. तिचं नाव सारिका विरकर. नवनाथची धाकटी बहीण.

म्हणजे घरात असं झालं होतं, की बहिणीने धातू शिकवला आणि त्यापायी भावाची तुकडी मोडली.

तेवढ्याने नवनाथ रागावला नसता. बदल येतात हे त्याला कळत होतं. त्याला खुपत होतं ते वेगळंच. बहुरूपी आल्यापासून कुठल्या वैमानिकाला कुठलं रूप द्यायचं हे एक संगणकी यंत्रणा ठरवी. तिला सगळे 'वाटप' म्हणत. आज लढाऊ, परवा मालवाहू, पुढच्या आठवड्यात रडार, असं सगळ्यांचं फिरत राही. नवनाथच्या वाट्याला मात्र महिन्यामागून महिने फक्त टँकर. एकदासुद्धा दुसरं काही नाही. त्याच्या हाताखाली शिकलेली पोरं ससाण्याच्या रूपात सीमेवर गस्त घालून येत आणि हा समुद्रावर संथ चकरा मारत त्यांची वाट पाहत बसे.

मार्च महिन्यात सारिका पंखांच्या तपासणीसाठी तळावर आली, तेव्हा त्याने तिला हँगरमध्ये गाठलं.

"सारू, एक सरळ विचारतो. वाटपात माझं नाव तू घातलंस का? भाऊ सुखरूप राहावा म्हणून?"

सारिका पंखाखाली उभी होती, हातात तपासणीचं यंत्र. तिने त्याच्याकडे पाहिलं आणि उत्तर दिलं नाही.

"हो की नाही, एवढंच सांग."

"दादा, मला काम आहे," ती म्हणाली आणि शिडी चढून वर गेली.

गप्प बसणं म्हणजे कबुली, असं नवनाथने धरलं. त्या दिवसापासून तिचे फोन तो उचलीनासा झाला. उचललेच तर "बरं आहे, ठेवतो" एवढंच.

त्यांची आई हिराबाई तळापासून वीस किलोमीटरवर कुरणवाडीत एकटी राही. दोघांनी कितीही म्हटलं तरी तिला गाव सोडवत नव्हतं. एका रविवारी नवनाथ तिच्याकडे गेला, तेव्हा ती अंगणात मटकी निवडत बसली होती.

"मग? काय चाललंय तुजं?" तिने विचारलं.

"काय चालायचंय? टँकरवाला झालोय."

हिराबाईने सूप खाली ठेवलं. "ह्ये तू नाक मुरडून का म्हंतुयास? दुष्काळाच्या साली तू सहा वर्साचा हुतास. विहिरी खडखडीत. आठ-आठ दिस टँकर याचा न्हाई. आन आला की अख्खं गाव त्येच्या मागं पळायचं, म्हातारी माणसंबी. त्या डायवरचं नाव यशवंता. त्या साली आमदार कोन हुता, इचार मला. न्हाई सांगता याचं."

नवनाथ हसला, भाकरी खाल्ली आणि निघाला. आईचं बोलणं गोड होतं. पण त्याच्या मनातलं तिला समजलेलं नाही, असंच त्याला वाटत राहिलं. निघताना ती काहीतरी सांगणार होती. तोंड उघडलं, मिटलं आणि "सांभाळून जा" म्हणाली.

नोव्हेंबरच्या मध्यावर अरबी समुद्रात एक वादळ उठलं. हवामानवाल्यांच्या अंदाजाने ते ओमानकडे जायचं होतं. बुधवारी सकाळी त्याने तोंड फिरवलं आणि ते किनाऱ्याकडे निघालं. दुपारी दोनपर्यंत कोचीपासून मुंबईपर्यंतचे सगळे विमानतळ बंद झाले.

नेमकं त्याच वेळी एक बहुरूपी दवाखान्याची पेटी घेऊन हवेत होतं. समुद्रात एका मालवाहू जहाजाच्या इंजिनखोलीत स्फोट झाला होता. भाजलेल्या सात खलाशांना लक्षद्वीपमधल्या एका बेटावर आणलं होतं आणि तिथून त्यांना उचलून फ्लाइट लेफ्टनंट मोनाली उईके कोचीला निघाली होती. मोनाली मूळची गडचिरोलीची, नोकरीतलं तिचं चौथं वर्ष. बेटाची धावपट्टी आखूड, त्यामुळे वजन कमी ठेवायला तिने इंधन बेताचंच घेतलं होतं. वाटेत कोची बंद झालं. मागे बेटाच्या धावपट्टीवर लाटांचं पाणी चढलं. आता वादळाला पश्चिमेकडून लांबचा वळसा घालून उत्तरेला यायचं आणि म्हसवडच्या पठारावर उतरायचं, एवढी एकच वाट राहिली. आणि तेवढं इंधन तिच्याकडे नव्हतं.

नवनाथला बोलावणं आलं तेव्हा तळाचे प्रमुख ग्रुप कॅप्टन थोरवे नकाशासमोर उभे होते. भिंतीवरच्या पडद्यावर पुण्याहून सारिका होती. भावाबहिणीने एकमेकांकडे पाहिलं न पाहिल्यासारखं केलं.

"उईकेकडे सत्तर मिनिटांचं इंधन आहे," थोरवे म्हणाले. "तू लांब पंखांनी गेलास तर तिच्यापर्यंत पोचायला पंचाण्णव मिनिटं. आखूड पंखांनी पंचावन्न."

"मग आखूड पंखांनी जातो, सर."

"पोचशील. पण तिला इंधन देणार कसं? ती लांब पंखांवर हळू उडतेय. पेशंट घेऊन तिला वेग वाढवता येत नाही, आणि वाढवला तर आहे तेही इंधन संपेल. तुलाच तिच्या वेगाला यावं लागेल, म्हणजे तिथे जाऊन पंख उघडावे लागतील. भरल्या टाकीने."

हवेत पंख उघडण्याची मर्यादा चाळीस टनांची होती. भरलेला टँकर बासष्ट टनांचा. तो नियम सारिकाने स्वतः लिहिला होता.

"अर्धीच टाकी भरली तर?" नवनाथने विचारलं.

"आखूड पंखांनी जाण्यात आणि परत येण्यात तुझंच संपेल. तिला द्यायला काय उरणार?" थोरवे पडद्याकडे वळले. "डॉक्टर विरकर?"

सारिकाचा आवाज कोरडा होता. "पट्ट्या तापल्या की पंखाला बाहेर ढकलतात. त्या वेळी पंखावर विमानाचं वजन तोललेलं असतं. बासष्ट टनांना तो रेटा पुरत नाही. पंख मध्येच अडकेल. पंख चार टप्प्यांत उघडतो आणि प्रत्येक टप्प्याला एक कडी बसते. कडी बसायच्या आत पट्ट्या निवल्या तर त्या मऊ पडतात, मग..." ती थांबली. "मग पंख राहत नाही."

नवनाथ नकाशाकडे बघत होता. सात भाजलेली माणसं, एक डॉक्टर, दोन परिचारिका, मोनाली आणि तिचा सहवैमानिक. बारा जण.

"सारू," तो अचानक म्हणाला, "चाळीस टन म्हणजे पंखावर येणारं वजन ना? विमानाचं खरं वजन नव्हे?"

"एकच झालं ते."

"सरळ उडताना एकच. बैलगाडी उंचवट्यावरून पलीकडे उतरते तेव्हा पोटात गोळा येतो, आठवतं? त्या क्षणी आपण हलके असतो. मी विमान वर चढवून हळूच कमानीसारखं खाली वळवलं, तर त्या कमानीवर असेपर्यंत पंखावरचं वजन अर्धं होईल. एकतीस टन."

पडद्यावर सारिका पुढे वाकली. "किती वेळ?"

"वीस-एकवीस सेकंद. पुन्हा सावरायचं, पुन्हा चढायचं. टप्पे चार, तर कमानी चार."

"लढाऊ विमानात करतात ते. टँकरमध्ये कुणी केलंय?"

"कुणी नाही. पण तिला द्यायची टाकी काठोकाठ भरलेली असेल, म्हणजे आतलं इंधन हिंदकळणार नाही. अर्धी असती तर मीच नको म्हटलं असतं."

"मला आकडे काढावे लागतील, दादा. आत्ता हो म्हणता येणार नाही."

"तू काढ. मी निघतो. तुझं 'नाही' आलं, तर इंधन समुद्रात सोडून पंख उघडेन आणि परत येईन."

त्या बारा जणांसाठी त्याचा अर्थ काय, हे खोलीतल्या सगळ्यांना कळलं. थोरव्यांनी मान हलवली.

नवनाथचा सहवैमानिक होता इम्रान मुजावर, मिरजेचा, एरवी बोलका. त्या दिवशी मात्र पहिली चाळीस मिनिटं तो इंधनाचे आणि अंतराचे आकडे वाचण्यापलीकडे काही बोलला नाही. पठार मागे पडलं, सह्याद्री मागे पडला. डावीकडे वादळाची भिंत उभी होती, खालून काळी आणि वरून उन्हात पांढरीशुभ्र. आखूड पंखांचं विमान नवनाथच्या हाताखाली धावत होतं. अकरा महिन्यांनी त्याला असा वेग मिळाला होता आणि त्याचा आनंद घ्यायला त्याला फुरसत नव्हती.

"सर," इम्रान शेवटी म्हणाला, "मॅडम नाही म्हणाल्या तर?"

"तर नाही."

"आणि हो म्हणाल्या तर? म्हणजे... तुमचा विश्वास आहे?"

नवनाथने वेगाच्या काट्यावर नजर टाकली. खरं तर तोही तेच स्वतःला विचारत होता. गेले आठ महिने बहिणीचा शब्द खरा मानायचा नाही असं त्याने ठरवून टाकलं होतं. आणि आता तिच्या शब्दावर त्याला विमान टाकायचं होतं.

सेहेचाळिसाव्या मिनिटाला रेडिओ खरखरला.

"दादा, ऐक." तिने नेहमीची रेडिओची भाषा सोडून दिली होती. "होतंय. बाहेर उणे चाळीस आहे, त्यामुळे एका टप्प्याला पट्ट्या तापायला एकोणीस सेकंद लागतील. तू मला वीस द्यायचेस, कमी नाही. प्रत्येक टप्प्यानंतर दीड मिनिट थांब, पट्ट्या पुऱ्या निवू देत. घाई केलीस तर पुढच्या टप्प्याला त्या ऐकणार नाहीत. पंखातल्या सगळ्या मोजमापांचे आकडे मला इथे दिसतायत. तुझ्या समोरच्या तक्त्यावर दोनच दिवे आहेत, लाल आणि हिरवा. त्यांच्याकडे बघू नकोस. मी सांगेन ते ऐक."

"किती खात्री आहे?"

"आकड्यांची आहे. बाकी भीती वाटतेय."

हे उत्तर ऐकून नवनाथला का कोण जाणे, बरं वाटलं. भीती वाटत नाही असं ती म्हणाली असती तर त्याने ऐकलं नसतं.

समोर लांबवर, ढगांच्या वर, मोनालीचं विमान ठिपक्यासारखं दिसू लागलं. त्याने नाक वर उचललं.

पहिली कमान. वजन उतरलं, इम्रानच्या मांडीवरचं पेन तरंगल्यासारखं वर आलं. पंखांतून हलकी कुरकुर आली. एकोणीस सेकंदांनी खटकन आवाज झाला आणि सारिका म्हणाली, "बसली." त्याने सावरलं. अंगावर दुप्पट वजन पडल्यासारखं झालं, पण पंखाने धरलं. दीड मिनिट थांबले. दुसरी कमान, पुन्हा "बसली."

तिसऱ्या कमानीच्या मध्यावर वादळाच्या कडेचा एक झोत त्यांच्यावर आदळला. विमान कलंडलं. नवनाथने ते जेमतेम सावरून कमान चालू ठेवली. डावीकडची कडी बसली. उजवीकडची बसली नाही. अठरा, एकोणीस, वीस. तक्त्यावरचा लाल दिवा लखलखत होता.

"सर, वीस झाले!" इम्रान ओरडला. "वर घ्या!"

"सोडू नकोस," सारिकाचा आवाज आला. "दादा, येतंय. धरून ठेव."

नाक खाली झुकत चाललं होतं, वेगाचा काटा लाल रेषेला टेकला होता. त्या क्षणी वर घेतलं असतं तर पुरं वजन कडी न बसलेल्या पंखावर आलं असतं. आणि न घेतलं, तर आणखी थोड्या सेकंदांत वेगानेच पंख मोडले असते. चौदा वर्षांचा सगळा अनुभव नवनाथला वर घे म्हणत होता. त्याने हात हलवला नाही.

बावीस. तेवीस. चोवीस.

"येतंय," सारिका पुन्हा म्हणाली, अगदी हळू.

खट्‌.

"बसली! आता घे. हळू, हळू घे."

चौथ्या कमानीबद्दल नवनाथला नंतर काही आठवेना. ती पुस्तकात लिहावी तशी सरळ झाली, असं इम्रान सांगतो. पंख घारीसारखे पुरे पसरले, वेग उतरला आणि मोनालीचं विमान त्यांच्या मागे येऊन उभं राहिलं. तिच्याकडे आठ मिनिटांचं इंधन उरलं होतं.

हवेत इंधन द्यायची पद्धत सांगायला सोपी आहे. टँकर मागे लांब नळी सोडतो, तिच्या टोकाला एक टोपली असते. मागच्या विमानाने आपल्या नाकापुढची दांडी त्या टोपलीत अचूक घालायची. टँकरने एवढंच करायचं, की हलायचं नाही. पण त्या हवेत न हलणं सोपं नव्हतं. मोनालीची पहिली खेप चुकली. दुसरी चुकली. तिचा श्वास रेडिओवर ऐकू येत होता.

"सर, माझा हात थरथरतोय. टोपली सारखी..."

"टोपली हलत नाहीये, उईके," नवनाथ म्हणाला. त्याचा आवाज त्यालाच अनोळखी वाटला, इतका सावकाश होता. "तुझी नजर हलतेय. टोपलीकडे बघू नकोस. माझ्या पोटावर पांढरा पट्टा आहे, त्याच्याकडे बघ. मी इथून हलणार नाही. तू ये."

झोत येत होते, जात होते. नवनाथच्या हाताखाली बासष्ट टनांचं विमान भिंतीसारखं उभं होतं. तिसऱ्या खेपेला दांडी बसली आणि इंधन वाहू लागलं. रेडिओवर मोनालीच्या मागून एका वयस्क पुरुषाचा आवाज आला, बहुधा डॉक्टरांचा: "चाललंय का? चाललंय ना?" आणि तिचं उत्तर: "चाललंय, सर. चाललंय."

संध्याकाळी पावणेसहाला दोन्ही बहुरूपी पाठोपाठ म्हसवडला उतरली. पठारावर स्वच्छ ऊन होतं. वादळाचा इकडे मागमूसही नव्हता, दूरवर धनगरांची मेंढरं निवांत चरत होती. रुग्णवाहिका ओळीने उभ्या होत्या. सातही खलाशांना उतरवून नेलं. एकजण स्ट्रेचरवरून मान वळवून कुठल्याशा भाषेत काहीतरी सारखं विचारत होता. तो पाणी मागतोय, असं परिचारिकेने सांगितलं, तेव्हा तिथे उभे असलेले सगळे विनाकारण हसले. तहान लागलीय, म्हणजे माणूस शुद्धीवर आहे.

मोनाली खाली उतरली आणि चाकापाशीच मांडी घालून बसली. तिला कुणी उठवलं नाही.

थोरव्यांनी नवनाथचा हात हातात घेतला. "विरकर, उद्यापासून लढाऊ रूप हवं असेल तर सांग. वाटपाला मी बघतो."

"दोन्ही द्या, सर," नवनाथ म्हणाला. "आलटून पालटून. टँकर अगदी काढून घेऊ नका."

सारिका पुण्याहून हेलिकॉप्टरने तासाभरात पोचली. आली ती कुणाशी न बोलता थेट पंखाखाली गेली. अर्धा तास ती पट्टी न्‌ पट्टी तपासत होती आणि नवनाथ शिडी धरून उभा होता. शेवटी ती खाली आली.

"सव्वातीन हजारांतल्या अकरा तुटल्या. अकराच." तिने यंत्र बंद केलं. "मी मर्यादा फारच घाबरून लिहिली होती, दादा. बदलायला हवी."

"तेव्हा घाबरलीस ते बरं केलंस."

दोघं जमिनीवरच्या कर्मचाऱ्यांच्या खोलीत जाऊन बाकावर बसले. कुणीतरी चहा आणि गरम भजी आणून ठेवली. दोघांनी सकाळपासून काही खाल्लं नव्हतं. भजी बघता बघता संपली.

"मार्चमध्ये विचारलं होतं ते पुन्हा विचारतो," नवनाथ म्हणाला. "रागाने नाही. मला टँकरवर तू टाकलंस?"

"नाही."

"मग त्या दिवशी गप्प का बसलीस?"

सारिकाने चहाचा कप दोन्ही हातांत धरला. "त्याच्या आदल्या आठवड्यात आई पुण्याला आली होती. एकटी, एसटीने. मला म्हणाली, तुझ्या हातात आहे, त्याला लढाईच्या विमानापासून लांबच ठेव. मी नाही म्हटलं. म्हटलं, दादाचं आयुष्य आहे, मी त्यात हात घालणार नाही. ती रडली, गेली. आणि मग तू विचारलंस. मी 'नाही' म्हटलं असतं, तर तू म्हणाला असतास, मग कुणी? कुणी सांगितलं का तुला? माझ्या तोंडावर सगळं दिसतं, तुला ठाऊक आहे. आईचं नाव बाहेर आलं असतं."

नवनाथने हातातला कप खाली ठेवला. आई अंगणात काय सांगता सांगता थांबली, ते आता त्याला कळलं. त्याला आईचा राग आला नाही. आठ महिन्यांत न उचललेले फोन मात्र एकेक करून आठवले.

"मग वाटपाने मलाच का निवडलं?"

"ते वैमानिकाच्या हाताची थरथर मोजतं. अख्ख्या दलात तुझा हात सगळ्यांत कमी हलतो. सगळ्यांना पाठवलेल्या अहवालात आहे ते. पान सत्तावीस."

"अहवाल कोण वाचतो?"

"तेच तर," सारिका म्हणाली आणि तिला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरले, ते तिने ओढणीने पुसले. नवनाथलाही हसू आवरेना. चहावाल्याने दारातून डोकावून पाहिलं आणि तो परत गेला.

मग नवनाथने आईला फोन लावला. पलीकडे दुपारपासून टीव्ही लावून बसलेली हिराबाई होती. "आलो गं, जमिनीवर आहे," तो म्हणाला. "सारू पण इथंच आहे. उद्या दोघं येतो घरी. नाही, रागावलो नाही. कुणावरच नाही. आई, आता रडू नकोस. उद्या काय करशील जेवायला?" बराच वेळ तो नुसता "हो" आणि "बरं" म्हणत राहिला.

फोन ठेवून त्याने पाहिलं, तर सारिकाची मान कलली होती. पुण्याच्या पडद्यासमोर दुपारभर ताठ बसलेली बहीण बोलता बोलता झोपी गेली होती. तिचं डोकं सरकत सरकत त्याच्या खांद्यावर टेकलं. चहाचा रिकामा कप त्याने तिच्या बोटांतून हलकेच सोडवला.

थोड्या वेळाने इम्रान दारात आला. "सर, अहवालासाठी सगळे थांबलेत. थोरवे सर विचारतायत."

नवनाथने ओठांवर बोट ठेवलं. मग दुसऱ्या हाताची पाच बोटं दाखवली, पाच मिनिटं. इम्रानने मान डोलावून दार लोटून घेतलं. नवनाथच्या खांद्याला मुंग्या यायला लागल्या होत्या, तरी तो तसाच बसून राहिला.